उपासना किती वाजता?

निपाणीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स, आणि गाव तंबाखूचं असल्यामुळं बिडीच्या बंडलांची लेबलं, हे माझं रोजचं काम. रविवारी मी ज्या मंडळीत जातो ती इथून थोड्या अंतरावरच्या एका गावात आहे. कौलारू इमारत, पुढं कडुलिंब, मागच्या अंगाला कबरस्तान. मंडळीचं नाव इथं लिहीत नाही. चूक मंडळीची नव्हती, माझी होती, आणि ती मला बरीच वर्षं चूक वाटलीच नाही.

२०१२ च्या नाताळाआधी मी मंडळीची वेबसाइट बांधली. पंचांच्या सभेत भिंतीवर पांढरी चादर लावून प्रोजेक्टरवर ती दाखवली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काळी पार्श्वभूमी, त्यावर सोनेरी अक्षरं. वर एकामागून एक सरकणारी पाच चित्रं: रंगीत काचांच्या खिडक्या, आभाळात घुसलेले मनोरे, उगवता सूर्य, उघडं पवित्र शास्त्र आणि कबुतर. त्यातला एकही मनोरा आमचा नव्हता. कौलं आणि पत्र्याची पडवी फोटोत चांगली दिसत नाहीत, असं माझं ठाम मत होतं. पान उघडलं की गीताची धून आपोआप वाजायची. खाली किती जणांनी भेट दिली त्याचा आकडा. मजकूर बहुतेक इंग्रजीत, कारण इंग्रजी असलं की काम पक्कं दिसतं अशी माझी समजूत होती.

टाळ्या थांबल्यावर मागं बसलेले अण्णा बोलले. अण्णा मंडळीचे जुने पंच, सगळं आयुष्य तंबाखूच्या वखारीत हमालीचे हिशेब लिहिण्यात गेलेलं. म्हणाले, "लई छान केलंस बाळ. पण उपासना किती वाजता हाय, ते ह्यात कुठं लिवलंय?"

मी म्हणालो, "अण्णा, 'सर्व्हिसेस' म्हणून पान आहे, त्यात आत गेलं की सापडतं. आणि आपल्या लोकांना वेळ ठाऊकच असते की."

अण्णांनी मान हलवली आणि पुढं काही विचारलं नाही. माझं सगळं चुकणं त्या एका उत्तरात होतं. "आपल्या लोकांना ठाऊक असतं." ज्यांना ठाऊक असतं ते वेबसाइट कशाला उघडतील, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

त्या वेळी मला काय वाटायचं ते प्रामाणिकपणे सांगतो. वेबसाइट म्हणजे मंडळीची अब्रू, असं मी धरून चाललो होतो. आम्ही महाराष्ट्रात गेलो की कर्नाटकातले ठरतो, कर्नाटकात मराठी ठरतो आणि मराठी माणसांत ख्रिस्ती. प्रत्येक ठिकाणी कडेला उभं राहायची सवय लागलेल्या माणसांना एक तरी गोष्ट थाटाची असावी असं वाटतं. कोल्हापूर-बेळगावच्या मोठ्या दगडी चर्चांपुढं आमची कौलारू इमारत मला लहान वाटायची. मी तिच्यावर सोनेरी अक्षरांचा पडदा ओढला. त्यात लबाडी नव्हती, माया होती. पण ती माया आतल्या माणसांपुरती होती. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा तिच्यात विचार नव्हता.

मराठी मजकूर थोडा होता, तोही घोटाळ्याचा. मी तो छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. माझ्या दुकानातल्या संगणकावर तो देखणा दिसे, कारण तो फॉन्ट तिथं होता. दुसरीकडं उघडलं की 'प्रभूची उपासना'च्या जागी रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि चौकोन यांची रांग दिसायची. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्वतःचे क्रमांक आहेत. ते वापरले की कुठल्याही फोनवर अक्षर अक्षरासारखं दिसतं. मला ते शिकायचं नव्हतं. मी पळवाट काढली. मजकुराचा फोटो करून तोच पानावर चिकटवला. दिसायला ठीक झालं. पण फोटोतली अक्षरं तेव्हा गुगलला वाचता येत नव्हती, दृष्टिहीन माणसाच्या फोनला मोठ्यानं वाचून दाखवता येत नव्हती, आणि चाळिशी लागलेल्या माणसानं बोटांनी मोठी केली तर ती फुटायची. पहिलं पानच नऊ एमबीचं झालं होतं. खेड्यात टू-जीवर ते उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा.

एक परिचारिका त्या काळात बदली होऊन निपाणीला आल्या. एप्रिलातल्या एका रविवारी त्या वेबसाइटवरची वेळ बघून दोन बस बदलून आल्या. पानावर साडेनऊ होते. उन्हाळ्यात आमची उपासना साडेआठला सुरू होते. त्या पोचल्या तेव्हा लोक बाहेर पडून पादत्राणं शोधत होते. त्यांनी मला हे तीन-चार वर्षांनी सांगितलं, तेही रागानं नाही. आज त्या आमच्या संडे स्कूलच्या शिक्षिका आहेत. त्या दिवशी कडुलिंबाखाली कुणीतरी त्यांना पाणी दिलं आणि पुढच्या रविवारची वेळ सांगितली, म्हणून त्या परत आल्या. त्यांना परत आणण्यात माझ्या वेबसाइटचा काहीही वाटा नव्हता.

तरीही माझं मत बदललं नव्हतं. ते बदललं २०१९ च्या फेब्रुवारीत.

वेबसाइटच्या पत्त्याची मुदत संपत आली होती. पैसे भरायला मी मंडळीची ईमेलची पेटी उघडली. 'आमच्याशी संपर्क साधा' या पानावरचे निरोप त्या पेटीत यायचे, आणि ती मी सात-आठ महिन्यांत उघडली नव्हती. बहुतेक निरोप जाहिरातींचे. त्यांच्यामध्ये एक मराठी निरोप होता, एकोणीस दिवसांपूर्वी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आलेला. पुण्याहून. लिहिणारा आमच्याच गावचा, तीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी गेलेला. त्यानं लिहिलं होतं: आई आज रात्री प्रभूघरी गेली. तिला बाबांच्या शेजारी ठेवायचं आहे. वेबसाइटवरचा नंबर लागत नाही. कोणाला फोन करू?

नंबर कसा लागणार? पानावर होता तो ज्या पाळकसाहेबांचा, त्यांची बदली होऊन दोन वर्षं झाली होती. नवे पाळकसाहेब आले त्या आठवड्यात मी त्यांचा सुंदर फोटो पानावर चढवला होता. नंबर बदलायचा राहिला.

मी त्या गृहस्थांना फोन केला. काय बोलायचं ते ठरवून केला होता, पण "सलाम" म्हटल्यावर ते सगळं विसरलो. त्यांनीच मला सावरून घेतलं. म्हणाले, सकाळपर्यंत वाट बघितली, मग इथंच दफन केलं. लेकरं लहान, पाहुणे आलेले, किती थांबणार. तक्रारीचा एक शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "बाबांच्या कबरीचा एक फोटो पाठवता का? बरीच वर्षं बघितली नाही."

मी त्याच संध्याकाळी कबरस्तानात गेलो. गवत गुडघाभर वाढलेलं. अण्णांना हाताला धरून नेलं, कारण कोण कुठं आहे हे त्यांनाच माहीत. कबर सापडली. गवत उपटलं, दगड पुसला आणि फोटो काढला. शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी होती. अण्णा म्हणाले, "ही तिच्यासाठीच ठेवल्याली."

त्या रात्री घरी येऊन मी माझी वेबसाइट पहिल्यांदा दुसऱ्याच्या डोळ्यांनी उघडली. फोनवर, अंधारात, घाईत. धून वाजायला लागली. घरात माणूस गेलेलं असताना ती धून कशी वाजली असेल? मी ती बंद करायचं बटण शोधत होतो आणि ते काळ्यावर काळं होतं.

आमच्या निपाणीच्या बसस्टँडवर एक दृश्य रोजचं आहे. बसच्या पाट्या कन्नडमध्ये. मराठी शाळेत शिकलेली म्हातारी माणसं बस आली की पुढं होतात आणि विचारतात, "ही चिक्कोडीला जाती का ओ?" माझी आईही विचारायची, आणि तिचा तो संकोचलेला चेहरा बघून माझा जीव जळायचा. १९५६ च्या १ नोव्हेंबरपासून सीमाभागातला मराठी माणूस पाट्यांच्या आणि कागदांच्या भाषेसाठी भांडतो आहे. तो दिवस इथं काळा दिवस म्हणून पाळतात. अलीकडं, २०२४ साली, पाटीवर साठ टक्के कन्नड असण्याचा कायदा आला आणि माझ्या दुकानाची पाटीही मी नव्यानं रंगवून घेतली. म्हणजे जी पाटी वाचता येत नाही तिच्यासमोर उभं राहणं काय असतं, हे मला सांगायची गरज कुणालाच नव्हती. आणि त्याच मी माझ्या आईच्या मंडळीच्या दारावर इंग्रजी पाटी लावली होती. हे ज्या क्षणी लक्षात आलं तो क्षण मला अजून खुपतो.

लगेच नवी वेबसाइट बांधली असंही झालं नाही. आधी नुसता नंबर बदलला. मग २०२० चा मार्च आला आणि चर्चची दारं बंद झाली. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार, १० ला उत्तम शुक्रवार, १२ ला पुनरुत्थानदिन, आणि कुलूप. तरुण संघाची मुलं म्हणाली, यूट्यूबवर थेट उपासना करू. केली. पाळकसाहेब पडवीत उभे, समोर फोन. बघणारे किती? ज्यांच्याकडं चांगला फोन आणि डेटा होता ते. आमच्या मंडळीतल्या निम्म्या बायका घरी बिड्या वळतात. मांडीवर सूप, हातात पान, डोळे कामावर. त्यांनी तासभर पडदा बघायचा कसा? आक्का म्हणून आहेत, सत्तरीच्या. त्या नातीला म्हणाल्या, "बघायला नगं. ऐकायला दे. हात मोकळं हाईत कुठं?"

मग वीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सुरुवात केली. एक गीत, शास्त्रपाठ, छोटा संदेश, प्रार्थना. बोलण्यापुरता आवाज दर सेकंदाला ३२ किलोबिटला बसतो. तासाला साधारण चौदा एमबी. वीस मिनिटांना पाच एमबीही लागत नाहीत. त्याच उपासनेचा व्हिडिओ शेकडो एमबीचा. मी इतकी वर्षं चित्रं मोठी करत आलो, आणि मंडळीपर्यंत पोचला तो आवाज, चित्राविना. सकाळी गल्लीतनं गेलं की चार घरांतून एकच प्रार्थना थोडी मागंपुढं ऐकू यायची.

तेव्हाच मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट नीट कळली, जी रोज हाताखालून जात होती. बिडीच्या बंडलाचं लेबल. लाल, पिवळं, चकाकणारं, मध्ये मालकाचा नाहीतर मालकाच्या वडिलांचा फोटो. मी समजत होतो, लेबल भडक असतं ते डोळे दिपवायला, आणि वेबसाइटही मी त्याच हातानं केली. पण लेबलाचं खरं काम निराळं आहे. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकानं टपरीवर लांबून बोट दाखवून "ते, टोपीवाल्याचं" म्हणावं यासाठी तो फोटो असतो. वर्षानुवर्षं तोच, त्याच जागी, आणि खराच. कारखानदार मालकाच्या जागी दुसऱ्या देशातल्या देखण्या माणसाचा फोटो छापत नाही. मी मात्र आमच्या चर्चच्या जागी परदेशातलं चर्च छापलं होतं.

नवं पान आता एकच आहे. सगळ्यात वर मंडळीचं आणि गावाचं नाव. त्याखाली रस्त्यावरून दिसतो तसा आमच्या फाटकाचा फोटो, कडुलिंबासकट. नवा माणूस फोनमधलं चित्र आणि समोरचं फाटक ताडून बघू शकतो. लगेच खाली: रविवारची उपासना सकाळी ९ वाजता, एप्रिल-मे साडेआठ वाजता, मराठीतून. (एरवीचे साडेनऊही आम्ही बदलून नऊ केले, बसच्या वेळेसाठी.) मग एक नंबर, बोट ठेवलं की लागणारा. त्या नंबरच्या शेजारी ठळक ओळ: घरात कुणी गेलं असेल तर रात्रीही फोन करा. ही ओळ कुठल्या डिझाइनच्या पुस्तकातून आलेली नाही.

अक्षरं काळी, पार्श्वभूमी पांढरी. काळ्यावरचं सोनेरी मी काढून टाकलं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक एवढं गुणोत्तर हवं, असा वेबच्या सुगम्यतेचा जागतिक निकष आहे. सोनेरीत मी लहान मजकुराला सावली दिली होती, चमक दिली होती. अण्णांच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना तो मजकूर नव्हताच, नुसता पिवळा धूर होता. मजकूर सगळा युनिकोडमध्ये. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं सांगितलं की चांगले फॉन्ट 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दाखवतात, महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयातला पाकळीचा ल आणि देठाचा श. हे कुणाच्या लक्षात येत नसेल. पण उपासना-संगीताच्या पुस्तकात ज्या वळणाची अक्षरं बघत माणसं म्हातारी झाली, तीच फोनवर दिसावीत असं मला वाटतं. पानाचं वजन नऊ एमबीवरून दोनशे केबीच्या आत आलं.

शब्दांवर जास्त वेळ गेला. आपल्या आतल्या भाषेची आपल्याला जाणीव नसते. 'प्रभुभोजन पहिल्या रविवारी' एवढं लिहिलं की नवख्या माणसाला वाटतं, जेवण असेल. मी पाळकसाहेबांबरोबर बसून एकेक ओळ साधी केली. पहिल्यांदा येणाऱ्याच्या मनात काय असतं, ते त्या परिचारिकाबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलेले प्रश्न मला कधीच सुचले नसते. चपला बाहेर काढायच्या का? डोक्यावर पदर लागतो का? पेटी समोर आली तर पैसे टाकलेच पाहिजेत का? ख्रिस्ती नसलेल्यानं बसलेलं चालतं का? लेकरू रडलं तर? या प्रश्नांची उत्तरं आता पानावर आहेत, एकेका ओळीत. चालतं, या, बसा. पेटीत काही टाकलं नाही तरी कुणी विचारत नाही. लेकरू रडलं तर पडवीत सावली आहे.

हे करताना मला पंडिता रमाबाई सारख्या आठवत होत्या. संस्कृतावर एवढी हुकमत असलेल्या बाई, पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं ते खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत. १९२२ साली त्या गेल्या, तोवर काम हातावेगळं झालं होतं. तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून ते छापलं गेलं. त्याच्याही शंभर वर्षं आधी विल्यम केरींनी सेरामपूरला १८१० चा आपला मराठी कोश मोडी अक्षरांत छापला, कारण व्यवहारात लोक मोडी लिहीत-वाचत होते. लोकांचं वाचन जिथं आहे तिथं अक्षर घेऊन जायचं, ही मराठी ख्रिस्ती छपाईची पहिल्यापासूनची रीत. मी छपाईतलाच माणूस, आणि ही रीत विसरलो होतो.

मंडळीत थोडे कन्नड बोलणारेही आहेत. त्यांच्यासाठी खाली तोच मजकूर कन्नडमध्ये आहे. तो मी यंत्राकडून भाषांतरित करून घेतला नाही. आमच्यातल्याच एका कन्नड घरातल्या सुनेनं लिहिला. तिनं एका वाक्यात बदल सुचवला, तो मराठीतही केला. इंग्रजी आता दोन ओळी आहे, महामार्गावरून जाताना थांबणाऱ्यांसाठी.

सगळंच एकमतानं झालं नाही. फोटोंचा संग्रह काढून टाकला तेव्हा तरुण संघ माझ्यावर नाराज झाला. बाप्तिस्म्याचे, संडे स्कूलच्या लेकरांचे, नावांसकट फोटो होते. ते मीच हौसेनं चढवले होते. बाप्तिस्मा हा त्या माणसाच्या आयुष्यातला फार नाजूक दिवस. कुणाच्या घरात तो कळलेला असतो, कुणाच्या नसतो. २०२२ साली कर्नाटकात धर्मांतराविषयीचा कायदा आल्यावर तर एका बाईंनी रडवेल्या आवाजात फोन करून फोटो काढायला सांगितला, आणि मला शरम वाटली की हे त्यांना सांगावं लागलं. त्यांना न विचारता मी तो लावला होता. आता पानावर माणसांचे चेहरे नाहीत, पाळकसाहेबांचा सोडून. मुलं म्हणतात पान सुनं दिसतं. दिसू दे.

दानाचं बटणही मी सगळ्यात वर मागितलं होतं. खजिनदारांनी अडवलं, आणि त्यांचं बरोबर होतं. पुणे-मुंबईच्या आपल्या माणसांनी यूपीआयनं पैसे पाठवावेत, त्यात अडचण नाही. पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्या पुतण्यानं पाठवले तर ते कायद्यानं परकीय योगदान होतं. त्याला सरकारी नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. आमच्यासारख्या मंडळीनं नकळत घेतलेले पाचशे रुपयेही महागात पडले असते. शिवाय जो माणूस आईच्या दफनासाठी नंबर शोधतोय, त्याला आधी पैशाची चौकट दिसावी का? आता क्यूआर कोड सगळ्यात खाली आहे.

एका बाबतीत माझं मत बदललेलं नाही. इतिहासाचं पान मी काढू दिलं नाही. या भागातल्या ख्रिस्ती लेकरांना आपण कालपरवा आलो असं वाटतं, आणि दुसरेही त्यांना तसंच ऐकवतात. लंडन मिशनचं काम बेळगावला १८२० साली सुरू झालं. बाबा पदमनजी बेळगावचे. १८५४ च्या सप्टेंबरात तिथंच त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि तीन वर्षांनी त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिलं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण जिच्याकडं बघतो ती. विधवांच्या दुःखावरची ती कादंबरी लिहिणारा माणूस आपल्याच जिल्ह्यातला, हे इथल्या पोरांना ठाऊक असलं पाहिजे. फक्त ते आता वर नाही, खाली आहे. ज्याला निवांतपणा आहे तो तिथवर जाईल.

वेबसाइटपेक्षा जास्त लोक आम्हाला गुगलच्या नकाशावर शोधतात, हेही उशिरा कळलं. तिथली आमची खूण एका तंबाखूच्या गोदामावर पडलेली होती. गोदामाच्या वॉचमननं किती माणसांना हातानं वाट दाखवली असेल कोण जाणे. ती खूण मी फाटकावर आणून ठेवली, वेळा तिथंही लिहिल्या. वेबसाइटचा पत्ता इतकी वर्षं माझ्या एकट्याच्या नावावर होता. उद्या मी गेलो असतो तर सगळंच गेलं असतं. आता तो मंडळीच्या नावावर आहे, आणि पासवर्ड लखोट्यात घालून विवाहनोंदीच्या रजिस्टरांच्या कपाटात ठेवलाय. पानाची जबाबदारी आक्कांच्या नातीकडं. दारातल्या फळ्यावर खडूनं वेळ जो बदलेल, त्यानं फळ्यापुढून हलण्याआधी पानावरची वेळ बदलायची, असं पंचांच्या सभेत ठरलं आहे.

पुण्याचे ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वी येऊन गेले. त्यांनी वडिलांच्या कबरीवर आईचंही नाव कोरून घेतलं. शेजारची जागा तशीच मोकळी आहे. वेबसाइटबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, मीही काढलं नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला मी पानावरचा नंबर दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून लावून बघतो. परवा चहावाल्याच्या फोनवरून लावला. दुसऱ्या रिंगला उचलला गेला. पलीकडं पाळकसाहेब नव्हते, अण्णा होते. साहेब दौऱ्यावर गेले की फोन त्यांच्याकडं असतो. मी नाव सांगितलं नाही. विचारलं, "उपासना किती वाजता?"

"नऊ वाजता," अण्णा म्हणाले. "पैल्यांदा येताय जणू? बस वडाजवळ थांबती. तिथनं फोन करा, पोराला पाठवतो."